लक्ष्यवेध

महाराष्ट्रात प्रतापगड नावाचे दोन गड आहेत. एक सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या रांगांत; दुसरा विदर्भातील गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या शेतांच्या व अरण्यांच्या प्रदेशात. या दोहोंच्या मध्ये जवळजवळ सारा महाराष्ट्र पसरलेला आहे. पश्चिमेकडील साताऱ्याची अदिती स्वामी आणि विदर्भातील नागपूरचा ओजस देवतळे हे दोन तरुण तिरंदाज एकाच दिवशी जगज्जेते ठरले. तो दिवस होता ५ ऑगस्ट २०२३ आणि ठिकाण होते जर्मनीतील बर्लिन.

या दोघांचे धनुष्य पुराणांतील चित्रांत दिसते तसे नाही. त्यास कंपाउंड धनुष्य म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना लहान चाके असतात. दोरी पूर्ण ओढली की या चाकांमुळे हातावरचा भार पुष्कळ हलका होतो व नेम धरण्यास उसंत मिळते. लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. त्याच्या मध्यभागी १० गुणांचे वर्तुळ असते; त्याचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. सामन्यात प्रत्येकी १५ बाण सोडावयाचे. म्हणजे पूर्ण गुण १५०.

हे किती कठीण आहे, ते थोड्या गणिताने ध्यानात येते. बाणाची लांबी ७० सेंटिमीटर धरली आणि नेम धरताना त्याचे एक टोक केवळ १ मिलिमीटर ढळले, तर ५० मीटरांवर तो बाण मध्यबिंदूपासून सुमारे ७ सेंटिमीटर दूर लागतो. तो १० च्या वर्तुळाबाहेर पडतो आणि एक गुण हातचा जातो. म्हणून या विद्येत बाहुबलापेक्षा सातत्याला अधिक मोल आहे. पाय रोवणे, दोरीचा हात हनुवटीजवळ ठरल्या जागी आणणे, बाण सुटल्यावरही धनुष्याचा हात स्थिर ठेवणे, या क्रिया प्रत्येक वेळी हुबेहूब तशाच व्हाव्या लागतात.

अदिती ही शेरेवाडीच्या एका शिक्षकाची मुलगी. तिने लहानपणीच साताऱ्यात धनुष्य हाती घेतले. प्रवीण सावंत या मार्गदर्शकांपाशी तिचा पाया घडला. जुलै २०२३ मध्ये ती अठरा वर्षांखालील गटात जगज्जेती झाली आणि महिन्याभरातच, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने प्रौढांचेही अजिंक्यपद मिळविले. उपान्त्य सामन्यात तिने अनुभवी ज्योती सुरेखा वेन्नम हिला १४९-१४५ असे हरविले, तर अंतिम सामन्यात मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला १४९-१४७ असे. या स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय होय.

ओजसची वाट निराळी. तो नागपुरात शिकला आणि पुढे घर सोडून साताऱ्यास त्याच मार्गदर्शकांकडे आला. नव्या गुरूपाशी जाणे म्हणजे अंगवळणी पडलेल्या सवयी पुन्हा पारखून घेणे होय. त्याचे फळ बर्लिनमध्ये दिसले. पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याने १४९ गुण मिळविले. ओजसचे पंधराही बाण १० च्या वर्तुळात लागले. १५०-१४९! वर सांगितलेल्या एका मिलिमीटराचे मोल ते एवढे.

दोघांत श्रेष्ठ कोण? गुणांनी याचे उत्तर मिळत नाही. त्याच वर्षी चीनमधील हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली. अदितीला सांघिक सुवर्ण मिळाले, पण वैयक्तिक स्पर्धेत कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. जगज्जेतेपदानंतरही पुढचा बाण नव्यानेच सोडावा लागतो. एकीची प्रगती एकाच अंगणात झाली, दुसऱ्याची घर सोडल्यावर. परंतु त्याच क्रियेची न कंटाळता केलेली आवृत्ती दोघांनाही चुकली नाही.

साताऱ्याचा प्रतापगड असो वा गोंदियाचा, दोहोंच्या पायथ्याशी ५० मीटरांचे अंतर सारखेच भरते. ते बाणाने पार होण्यास क्षण पुरतो. तो क्षण साधण्यास मात्र वर्षे द्यावी लागतात.