पेनड्राइव्ह लावला, पण कॉम्प्युटर त्यावरून सुरूच होत नाही? दुकानात नेण्याआधी या गोष्टी तपासा!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून मीरा रोड असो की भाईंदर, घरोघरी एकच उद्योग सुरू आहे. जुना लॅपटॉप बाहेर काढायचा, पेनड्राइव्हवर विंडोज ११ नाहीतर लिनक्स घ्यायचं आणि इन्स्टॉल करायला बसायचं.

पण होतं काय? पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप सुरू केला, तर तो पुन्हा आपल्या जुन्याच विंडोजवर जातो. किंवा काळी स्क्रीन दाखवून गप्प बसतो. मग लॅपटॉप बॅगेत टाकून गर्दीच्या लोकलने ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा.

थांबा मंडळी! बऱ्याचदा लॅपटॉप बिघडलेला नसतो. गडबड पुढच्यापैकी एखाद्या ठिकाणी असते.

१. पेनड्राइव्ह नीट तयार झालाय का?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली, तर त्यावरून कॉम्प्युटर सुरू होत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफस यासारखं मोफत सॉफ्टवेअर लागतं. पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या. यात त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह वापरू नका!

२. बूट मेनू उघडला का?

कॉम्प्युटर सुरू होताना आधी स्वतःच्या डिस्ककडे बघतो. पेनड्राइव्हकडे बघ, असं त्याला आपण सांगावं लागतं. त्यासाठी बटण दाबल्या दाबल्या एक की वारंवार दाबायची. डेल आणि लेनोवोवर ती सहसा एफ १२ असते, एचपीवर एफ ९, तर आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ १२ असते, पण अनेकदा ती आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते.

की दाबून काहीच होत नसेल, तर विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे असू शकतं. यात शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक करा आणि येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

३. यूईएफआय की लेगसी?

नवे कॉम्प्युटर यूईएफआय पद्धतीने सुरू होतात, जुने लेगसी बायोस पद्धतीने. पेनड्राइव्ह एका पद्धतीचा आणि मशीन दुसऱ्या पद्धतीवर असेल, तर तो यादीत दिसणारच नाही. रुफसमध्ये याची निवड असते. यूईएफआयसाठी जीपीटी, लेगसीसाठी एमबीआर. विंडोज ११ ला यूईएफआयच लागतं.

४. पोर्ट बदलून पाहा

यूएसबी हब काढा, पेनड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट वापरा. कीबोर्ड ब्लूटूथचा असेल तर वायरवाला लावा, कारण विंडोज सुरू होण्याआधी ब्लूटूथ बहुधा चालत नाही.

५. सिक्युअर बूट, आणि इथेच खरा धोका!

ओळखीची डिजिटल सही नसलेलं काहीही सुरू होऊ द्यायचं नाही, हे सिक्युअर बूटचं काम. काही लिनक्स त्यामुळे अडतात. यूट्यूबवर लगेच सल्ला मिळतो, सिक्युअर बूट बंद करा.

पण तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर हा बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल, तर डिस्कवरचा डेटा कायमचा गेला असं समजा. दुकानदारही तो काढून देऊ शकत नाही. अनेक नव्या लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि मालकाला पत्ताही नसतो!

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तेव्हा मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हवरून दुरुस्ती करायचं टूल दिलं. पण बिटलॉकर असलेल्या मशीनवर तिथेही रिकव्हरी की मागितली जात होती.

म्हणून बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ती की शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअपही घ्या.

मॅक असेल तर?

इंटेल मॅकवर सुरू करताना ऑप्शन की दाबून धरा. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकवर पॉवर बटणच दाबून धरायचं. टी २ चिप असलेल्या मॅकमध्ये बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होणं मुळात बंद असतं. कमांड आणि आर दाबून रिकव्हरीत जा आणि स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमधून परवानगी द्या.

एवढं करूनही जमलं नाही, तर तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तिथेही चालला नाही, तर दोष पेनड्राइव्हचा. तिथे चालला, तर मात्र लॅपटॉप दुकानात न्या. फक्त जाताना ती ४८ आकडी की सोबत असू द्या, आणि 'फॉरमॅट मारू का?' या प्रश्नाला घाईत 'हो' म्हणू नका!