मानेच्या मागें राहणारें चित्र

डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढविला म्हणजे भोंवतालचें जग लोपून संगणकानें रेखाटलेलें जग आपणांस दिसूं लागतें. या आभासी जगांत मान वळवितांच देखावाही वळला पाहिजे. तो किंचित् मागें राहिला, तर कानाच्या आंतील तोल राखणारें इंद्रिय 'मान वळली' असें सांगतें आणि डोळे 'अद्याप नाहीं' म्हणतात. या विसंवादानें मनुष्यास भोवळ येते, मळमळूं लागतें. म्हणून हा विलंब सेकंदाच्या सुमारें २० सहस्रांशांच्या आंत ठेवावा, असें जाणते सांगतात.

विलंब कोठें होतो तें पाहूं. मानेची स्थिति मोजणें, तीस अनुसरून चित्र रेखाटणें व तें पडद्यावर उजळणें, अशा तीन पायऱ्या आहेत. सेकंदास ९० चित्रें दाखवावयाचीं तर एका चित्रास अवघे ११ सहस्रांश मिळतात. आणि चित्र पुरें होईपर्यंत मान आणखी वळलेली असते!

यावरील एक युक्ति जॉन कारमॅक यांनीं २०१३ सालीं एका लेखांत विशद केली. चित्र पडद्यावर जाण्यापूर्वीं मानेची स्थिति पुनः मोजावी, व जितका फरक पडला असेल तितकें तयार चित्रच सरकवावें. नवें चित्र काढण्यापेक्षां हें काम फार लवकर होतें. मात्र मनुष्य बाजूस सरकला, तर जवळच्या वस्तूंआड दडलेलें जें दिसावयास हवें, तें तयार चित्रांत नसतेंच. तेथें ही युक्ति तोकडी पडते.

केवळ वेग वाढवून भागत नाहीं. शेवटच्या क्षणीं पुनः एकदां पाहावें लागतें, हेंच आम्हांस यांत विशेष वाटतें.