संगणकाचे दार किती रुंद असावे?

इंदूर शहरात नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. जलूदपासून सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर तोडून आणि वाटेत पंपांनी उंच चढवून ते आणावे लागते. एवढा खटाटोप करून पाणी दाराशी यावे, आणि घरातील नळाची तोटी मात्र करंगळीएवढी अरुंद असावी, तर हंड्यात पडावयाचे ते त्या तोटीतून निघेल तेवढेच. यात दोष नर्मदेचा नव्हे, पंपाचा नव्हे, दोष तोटीचा. तोटी साध्या किमतीची वस्तू असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, एवढेच.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत घरी किंवा लहानशा कचेरीत आय.एस.डी.एन. जोडणी घेणाऱ्या अनेकांची नेमकी अशीच गत झाली. ती का झाली, आणि ती टाळण्यासाठी संगणकाचे कोणते साहित्य निवडावयास हवे होते, हे समजून घेणे आजही निरुपयोगी नाही. कारण तीच चूक निराळ्या रूपाने आजच्या घरांतूनही होत असते.

प्रथम आय.एस.डी.एन. म्हणजे काय ते पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतातील सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, आणि नोव्हेंबर १९९८ पासून हे क्षेत्र खाजगी कंपन्यांनाही खुले झाले. त्या काळी बहुतेकांचा संगणक साध्या टेलिफोनवरून मॉडेमच्या साहाय्याने बोलत असे. मॉडेमचे काम असे की, संगणकाच्या शून्य-एकच्या खुणांचे आवाजात रूपांतर करावयाचे आणि पलीकडे त्या आवाजाच्या पुन्हा खुणा करावयाच्या. आवाजाच्या वाटेने जाताना वेगाला मर्यादा पडे. चांगल्यात चांगला मॉडेमही सेकंदाला ५६,००० बिटांच्या पुढे जात नसे, आणि प्रत्यक्षात तेवढेही मिळत नसे.

आय.एस.डी.एन. मध्ये हे रूपांतरच नाही. केंद्रापासून घरापर्यंत त्याच तांब्याच्या दोन तारांवरून अंकीय खुणा थेट येतात. या पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशी १९८४ साली प्रसिद्ध झाल्या होत्या. घरगुती जोडणीत तीन वाटा असतात. पहिल्या दोन वाटा प्रत्येकी ६४,००० बिटांच्या. त्यांतून बोलणे किंवा मजकूर जातो. तिसरी १६,००० बिटांची. ती कोणाला फोन लावावयाचा, कोणाचा आला, या निरोपांसाठी. मोठ्या दोन वाटा एकत्र केल्या की सेकंदाला १,२८,००० बिटांचा वेग मिळतो. परंतु येथे एक गोष्ट विसरून चालत नाही. दोन वाटा म्हणजे दोन फोन. दोन्ही चालू असतील तेव्हा आकारणीही दोहोंची होते.

तारा घरात आल्या की त्या भिंतीवरच्या एका पेटीत जातात. त्या पेटीला टर्मिनल अ‍ॅडॉप्टर नावाचे उपकरण जोडावयाचे, आणि ते उपकरण एका केबलने संगणकाच्या पाठीमागील सिरियल पोर्टला. हा सिरियल पोर्ट म्हणजेच वर सांगितलेली तोटी.

संगणकाच्या पोर्टाचा वेग कशावरून ठरतो? त्यातील चिपला सेकंदाला १८,४३,२०० ठोके देणारे एक लहानसे घड्याळ असते. चिप त्या ठोक्यांना सोळाने भागते. भागाकार येतो १,१५,२००. जुन्या पद्धतीच्या पोर्टाची ही कमाल मर्यादा होय; तिच्यापुढे तो जाऊच शकत नाही. विक्रेता म्हणे, 'एक लाख पंधरा हजार आणि एक लाख अठ्ठावीस हजार, फरक तो किती?' परंतु फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. सिरियल पोर्टातून एक अक्षर जाताना त्याच्या आठ बिटांच्या पुढे एक 'आरंभ' बिट आणि मागे एक 'अंत' बिट लावावा लागतो. म्हणजे आठ बिटांच्या मालासाठी दहा बिटांचे भाडे. तेव्हा १,१५,२०० ला दहाने भागले की सेकंदाला ११,५२० अक्षरे होतात. आय.एस.डी.एन. च्या वाटेवर मात्र असे जादा बिट नसतात. १,२८,००० ला आठने भागावयाचे. होतात १६,००० अक्षरे. रस्ता सोळा हजारांचा, दार साडेअकरा हजारांचे.

याचा खिशावर काय परिणाम होतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रामबागेतील एखाद्या लहान छापखान्याला एक कोटी अक्षरांएवढी फाईल मुंबईस पाठवावयाची आहे, असे समजू. एकच वाट वापरली तर सेकंदाला ८,००० अक्षरे या हिशेबाने १,२५० सेकंद लागतील, आणि आकारणी १,२५० सेकंदांची. दोन वाटा आणि योग्य पोर्ट असेल तर ६२५ सेकंदांत काम होईल. दोन वाटांची मिळून आकारणी पुन्हा १,२५० सेकंदांचीच. वेळ निम्मा, खर्च तेवढाच. परंतु दोन वाटा घेऊन दार जुनेच ठेवले तर ८६८ सेकंद लागतील आणि दोन वाटांची आकारणी होईल १,७३६ सेकंदांची. म्हणजे एका वाटेपेक्षा खर्च जवळजवळ चाळीस टक्क्यांनी अधिक. प्रत्यक्ष व्यवहारात हे आकडे थोडे मागेपुढे होतात. परंतु त्यांचे परस्परांशी प्रमाण तेच राहते. हा तोटा दूरसंचार खात्याच्या बिलात कोठेही वेगळा लिहिलेला नसे. तो महिन्यामागून महिना मुकाट्याने भरला जाई.

यावरून पहिला नियम निघतो. ज्याला एकाच वाटेचे काम आहे, त्याला १,१५,२०० चा पोर्ट पुरतो. कारण ८,००० अक्षरांसाठी पोर्टाचे ८०,००० बिटच लागतात. ५७,६०० वर ठेवलेला पोर्ट मात्र एका वाटेलाही अपुरा. ज्याला दोन वाटा हव्यात, त्याला पोर्टाचे १,६०,००० बिट लागतात. म्हणून त्याने २,३०,४०० चे कार्ड घ्यावयास हवे. मजकूर दाबून लहान करण्याची सोय अ‍ॅडॉप्टरात असेल आणि तिचा लाभ घ्यावयाचा असेल, तर ४,६०,८०० चे.

दुसरा प्रश्न वेगाचा नसून साठवणीचा आहे. सकाळी रतीबाचे दूध येते तेव्हा गृहिणी कामात असते. दारात एकच भांडे ठेवलेले असेल, आणि ते आत नेऊन रिकामे करण्यापूर्वीच गवळी दुसरे माप ओतू लागला, तर दूध सांडणारच. जुन्या ८२५० आणि १६४५० या चिपांपाशी असे एकच भांडे होते. १,१५,२०० च्या वेगाने दर अक्षर सुमारे ८७ मायक्रोसेकंदांनी येते. म्हणजे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अवकाश. तेवढ्यात संगणकाने हातातले काम टाकून अक्षर उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्यावर येऊन पडते आणि एक अक्षर कायमचे हरवते. हरवलेल्या अक्षरासाठी सबंध तुकडा पुन्हा मागवावा लागतो, आणि वेग आणखी घटतो.

१६५५०-ए या चिपने दारात सोळा भांडी ओळीने मांडली. तिच्या आधीच्या नुसत्या १६५५० मध्ये ही सोय सदोष होती. म्हणून 'ए' हे अक्षर पाहून घेणे अगत्याचे. पुढे १६६५० मध्ये बत्तीस, १६७५० मध्ये चौसष्ट आणि १६९५० मध्ये एकशे अठ्ठावीस भांडी आली. वेग दुप्पट केला की दोन अक्षरांमधील अवकाश निम्मा होतो. म्हणून २,३०,४०० वर सोळा भांडी कशीबशी पुरतात आणि चौसष्ट निर्धास्तपणे पुरतात. कितवे भांडे भरले की संगणकाला हाक मारावयाची, हेही ठरविता येते. चौदाव्यावर हाक मारली तर संगणकाला कमी वेळा उठावे लागते, पण उशीर झाल्यास दोनच भांडी शिल्लक असतात. आठव्यावर मारली तर आठ शिल्लक राहतात. अक्षरे गळत असतील तर नवे कार्ड आणण्यापूर्वी हा आकडा खाली आणून पाहणे शहाणपणाचे. त्याला पैसा पडत नाही.

खरेदीच्या वेळी आणखी चार गोष्टी तपासाव्या लागत. पहिली, कार्डाबरोबर आपल्या प्रणालीसाठी चालक-प्रोग्राम आहे काय? काही कार्डांवर मूळ घड्याळच दुप्पट वा चौपट वेगाचे बसविलेले असे. प्रणालीला १,१५,२०० सांगावयाचे आणि प्रत्यक्षात २,३०,४०० मिळावयाचे. ही युक्ती ठाऊक नसलेला मनुष्य विनाकारण गोंधळे. दुसरी, तारेवर विजेच्या खुणा ढकलणारी चिपही त्या वेगाची असावयास हवी. तिसरी, केबल. केवळ तीन तारांची स्वस्त केबल येथे उपयोगी नाही. 'थांब' आणि 'पाठव' हे सांगणाऱ्या दोन तारा तीत असल्याच पाहिजेत, आणि वेग वाढेल तशी केबल आखूड ठेवली पाहिजे. चौथी गोष्ट ही की, जुन्या पद्धतीच्या संगणकात पहिला आणि तिसरा पोर्ट संगणकाला एकाच घंटेने हाक मारीत, तसेच दुसरा आणि चौथा. नव्या कार्डाला स्वतंत्र घंटा दिली नाही, तर माऊस हलविताच जोडणी तुटे, आणि दोष बिचाऱ्या टेलिफोन केंद्राच्या माथी येई.

सिरियल पोर्ट टाळण्याचेही मार्ग होते. संगणकाच्या आत बसणारे आय.एस.डी.एन. कार्ड घेतले की तोटीचा प्रश्नच उरत नसे. मात्र संगणक बदलला की कार्डाचीही पंचाईत होई. यू.एस.बी. चे अ‍ॅडॉप्टर आल्यावर सेकंदाला १,२०,००,००० बिटांचे दार मिळाले. ज्या घरी वा कचेरीत दोनतीन संगणक होते, तेथे इथरनेटचा राऊटर सर्वांत सोयीचा. पण त्याला किंमत अधिक पडे. तात्पर्य, आधीचा चांगला संगणक घरी असेल तर कार्ड, नवा घ्यावयाचा असेल तर यू.एस.बी., आणि संगणक अनेक असतील तर राऊटर.

एक सूचना मात्र वेगाशी संबंध नसलेली, तरी सर्वांत महत्त्वाची होती. साधा टेलिफोन केंद्राकडून येणाऱ्या विजेवर चालतो. अ‍ॅडॉप्टरला जोडलेला टेलिफोन मात्र घरातील वीज गेली की मुका होतो. मध्य प्रदेशात त्या वर्षांत विजेचा खंड ही नित्याची बाब होती. ज्या घरी आजारी वा वृद्ध माणूस असे, तेथे आय.एस.डी.एन. च्या हौसेपायी जुनी टेलिफोन-लाईन काढून टाकणे धोक्याचे होते. अ‍ॅडॉप्टरला बॅटरीची जोड द्यावी किंवा साधी लाईन तशीच ठेवावी, हा शहाणा मार्ग.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली आणि घरगुती आय.एस.डी.एन. चे प्रयोजन पाहता पाहता संपले. सिरियल पोर्ट मात्र संपला नाही. कारखान्यांतील यंत्रे आणि प्रयोगशाळांतील मापनसाधने आजही त्यातूनच बोलतात, आणि यू.एस.बी. च्या जोडणीतही भांडी किती व हाक केव्हा, हा प्रश्न तसाच असतो.

घरांतूनही तोटीचा धडा संपलेला नाही. आज एखादे कुटुंब सेकंदाला ३० कोटी बिटांची फायबर जोडणी घेते, दरमहा तिचे पैसे भरते, आणि राऊटर मात्र १० कोटींचा जुनाच ठेवते. किंवा आठ तारांच्या केबलमधील चारच तारा जोडलेल्या असतात आणि वेग पुन्हा १० कोटींवर अडतो. मग कंपनीला दूषणे दिली जातात. तक्रार करण्यापूर्वी रस्त्यापासून मेजापर्यंत प्रत्येक सांध्याचा आकडा कागदावर ओळीने लिहून काढावा. त्यांतील सर्वांत लहान आकडा तोच आपला खरा वेग. पैसे भरावयाचे ते त्या आकड्याकडे पाहून, किंवा मग आधी तो आकडा बदलून.