लिंक पाठवली, पण फाइल कुठे आहे?

पुण्यात कोथरूडच्या घरातल्या डेस्कटॉपवर लग्नाचे फोटो आहेत आणि न्यू जर्सीतल्या मुलीला ते ब्राउझरमधून बघायचेत. त्यासाठी कॉम्प्युटरवर फाइल सर्व्हर (मागणी येताच फाइल पाठवणारं सॉफ्टवेअर) बसवून लिंक देता येते. लिंक गेली म्हणजे फोटो इंटरनेटवर ‘चढले’, असा समज मात्र सर्रास आढळतो.

फोटो तुमच्याच हार्ड डिस्कवर राहतात. लिंक हा नुसता पत्ता. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकाच्या दुकानाचा पत्ता पाठ असला, तरी शटर खाली असेल तर पुस्तक मिळत नाही. न्यू जर्सीत दुपारचे चार वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते आणि कॉम्प्युटर बंद, नाहीतर स्लीप मोडमध्ये. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की तोच प्रकार. म्हणून निदान पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करावं. मॉनिटर बंद ठेवला तरी चालतो.

खरी मेख राउटरची. 192.168ने सुरू होणारा आयपी पत्ता घरापुरताच चालतो. बाहेरची मागणी आत वळवायला पोर्ट फॉरवर्डिंग (कोणत्या यंत्राकडे पाठवायचं, ही राउटरला दिलेली सूचना) लागतं, आणि पासवर्ड तर हवाच. एवढी खटपट नको असेल तर गूगल ड्राइव्ह बरा. तिथे फाइल खरोखरच चढते.