शेड कार्डावरचा समुद्र

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी बावीस वर्षं रंग बघते. पार्टीनं पाठवलेला नमुना आणि आमच्या डाईंगमधून आलेला तुकडा शेजारी शेजारी धरायचा. लाइट बॉक्समध्ये आधी दिवसाच्या उजेडात बघायचा, मग ट्यूबच्या, मग पिवळ्या बल्बच्या. एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात दगा देतो, हे या कामातलं पहिलं शिक्षण. निर्यातीच्या ऑर्डरीत रंगांना नावंही झोकात असतात. एक नाव तर मला झोपेतसुद्धा दिसतं : कॅरिबियन ब्लू. वाळूवर अंथरायच्या मोठ्या टॉवेलांचा रंग. हजारो पीस मी पास केले असतील. समुद्र मात्र जुहूला एकदा भेळ खाताना पाहिलेला, तेवढाच.

कॅरिबियन म्हणजे आमच्या घरी वडिलांचा विषय. १९७१ साली गावसकरनं वेस्ट इंडीजमध्ये जाऊन पहिल्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, त्या त्यांना डावागणिक पाठ. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन ही नावं मी बार्शी-कुर्डुवाडीसारखी ऐकत वाढले. मागच्या डिसेंबरात सुट्टीचा विषय निघाला तेव्हा मी सहज म्हणलं, त्या बेटांवर जायला किती लागत असतील गं? लेकीनं मोबाइलवर तिकिटं बघितली आणि मोबाइल तसाच उलटा ठेवला. मग म्हणाली, “आई, मालवणला जाऊ. स्कूबा तिथं पण आहे.”

गाडीत आम्ही चौघं : मी, हे, लेक आणि माझ्या माळकरी जाऊबाई. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, राधानगरी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, हे फोंडा घाट उतरताना कानांनी सांगितलं. दडे बसले. हे दडे पुढं परत भेटणार होते.

तारकर्लीच्या वाळूवर पाय ठेवला आणि माझ्यातली चेकर जागी झाली. समोरचा समुद्र कॅरिबियन ब्लू नव्हता. हिरवट होता, लांबवर शेवाळी, लाटेच्या पोटात जरा मातकट. माझ्या टेबलावर आला असता तर ‘रिजेक्ट’चा शिक्का बसला असता. मन जरा खट्टू झालं, खोटं कशाला बोलू?

त्याचं कारण मला संध्याकाळी जेवणाच्या ताटावर कळायला लागलं. देवबागला, कर्ली नदी जिथं समुद्राला मिळते त्या जिभेसारख्या अरुंद पट्टीवर, एका घरगुती निवासात आम्ही उतरलो होतो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे माड आणि घरं. मालकीणबाईंनी विचारलं, “खंयसून इलास?” सोलापूर म्हणल्यावर त्यांनी चादरीची चौकशी केली. टॉवेलची कुणीच करत नाही. आमच्या टॉवेललाही चादरीसारखं भौगोलिक मानांकन आहे, पण नाव चादरीचं.

ताटात बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तळलेली सुरमई, भात, सोलकढी. तिरफळ दाताखाली आलं की जीभ क्षणभर बधिर होते. मला वाटलं काहीतरी बिघडलं. जाऊबाईंसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी. शेंगाचटणीचा डबा त्यांनी उशाशी ठेवला होता, तो चारही दिवस उघडला नाही. मालकीणबाई बांगडा वाढत म्हणाल्या की हा खाडीच्या तोंडाशी झुंडीनं येतो, कारण पाण्यात त्याचं खाणं असतं.

ते खाणं म्हणजेच तो हिरवा रंग. पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती आणि जीव, म्हणजे प्लवक. पावसाळ्यात सह्याद्रीवरून नद्या गाळ आणि खतासारखी द्रव्यं आणून ओततात, वाऱ्यानं समुद्र घुसळून खालचं थंड, सकस पाणी वर येतं, आणि प्लवक माजतं. बांगडा, तारली त्यावरच जगतात. कॅरिबियन बेटांभोवती असं होत नाही. तिथं वरचं पाणी वर्षभर कोमट, ते खालच्या थंड पाण्यावर सायीसारखं पसरून राहतं. खालचं सत्त्व वर येत नाही. प्लवक विरळ, म्हणून पाणी काचेसारखं आणि निळं. तिथं तीस-तीस मीटर लांबचं दिसतं. मालवणला चांगल्या दिवशीही त्याच्या पाव हिस्सा दिसलं तरी लोक खूश. निळा समुद्र म्हणजे एका अर्थी रिकामं ताट. शेड कार्डावर हे लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडं निघाली. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला तो नोव्हेंबर १६६४ मध्ये. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी, तिन्ही गोड्या पाण्याच्या. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं! ज्यांच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं त्या सोलापूरकरांनी या विहिरींत वाकून बघावं. जाऊबाई तर तिथून हलेनात. स्कूबाला त्यांनी आधीच नकार दिला होता : “मी इथं विहिरीपाशी बसते, तुम्ही बुडून या.”

बुडण्याआधी एक कागद भरावा लागतो. दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण? इथं खोटं लिहू नये. यांना दमा आहे, त्यांनी तसं लिहिलं आणि ते बोटीवरच राहिले. पोहता यायलाच पाहिजे असं नाही, पहिल्या वेळेला प्रशिक्षक सिलिंडर धरून सोबतच असतो. ज्यांना नीट शिकायचंय त्यांच्यासाठी तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगची संस्था आहे. आमच्यासारख्यांचा कार्यक्रम बोटीच्या शिडीला धरून सुरू होतो.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं मला वाटायचं. साधी हवाच असते, दाबून भरलेली. ती आपल्याला लागेल तशी, लागेल त्या दाबानं सोडणारं यंत्र १९४३ मध्ये फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी बनवलं. तोंडात रबरी नळीचं टोक, नाक मास्कमध्ये बंद. आमचा प्रशिक्षक, पंचविशीतला मालवणचाच मुलगा, म्हणाला एकच नियम पाठ करा : श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, आणि श्वास कोंडला असेल तर फुप्फुसाला इजा होते. खुणाही शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं कडं म्हणजे ठीक. नुसता अंगठा वर म्हणजे मला वर न्या.

मी पाण्यात गेले, त्यानं नजरेनं विचारलं, आणि मी सवयीनं अंगठा दाखवला. मस्त, या अर्थानं. त्यानं मला लगेच वर आणलं. “काय झाला?” “काही नाही, मजा आली.” बोटीवर सगळे हसले. दुसऱ्यांदा मास्कमध्ये पाणी शिरलं. तिसऱ्यांदा मात्र मी स्वतःला सांगितलं, घाई करू नको, तुझ्यामागं डिस्पॅचची गाडी उभी नाही. “काय होवचा नाय,” तो म्हणाला, आणि आम्ही खाली गेलो.

दोन मीटरवर फोंडा घाटातले दडे आले. दहा मीटर पाणी म्हणजे अख्ख्या वातावरणाइतका जादा दाब, आणि त्यातला बदल सगळ्यात जास्त जाणवतो तो पहिल्या काही मीटरांतच. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की पडदा सुटतो. दुखायच्या आधी फुंकायचं, दुखल्यावर नाही. मग एकदम शांतता. शांतता तरी कसली, माझ्याच श्वासाचा घरघराट आणि बुडबुडे. श्वास लांबवला की शरीर किंचित वर तरंगतं, सोडला की खाली जातं.

पाच-सहा मीटरवर खडकांना प्रवाळ चिकटलेले, काही मेंदूसारखे सुरकुतलेले, काही ताटल्यांसारखे. पिवळे-काळे पट्टेवाले मासे हाताला लागतील इतके जवळ. पाण्यात सगळं आहे त्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं. मी हात पुढं केला आणि माझी नखं दिसली. आदल्या रात्री लेकीनं हौसेनं लावलेलं लालभडक नेलपॉलिश चॉकलेटी झालं होतं! पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात शेवटी. म्हणून खोल समुद्र निळा. माझ्या लाइट बॉक्समध्ये तीन उजेड आहेत. हा चौथा. मी तिथंच हसले आणि मास्कमध्ये परत पाणी शिरलं.

एक गोष्ट मात्र खटकली. शेजारच्या बोटीवरचे कुणीतरी फोटोत मासे यावेत म्हणून बिस्किटं चुरून टाकत होते. प्रवाळावर वाढणारं शेवाळ खाणं हे कित्येक माशांचं काम. त्यांना बिस्किटांची चटक लावली तर शेवाळ कोण खाणार? मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटानं १९७९ मध्ये आपल्या भोवतालचा समुद्र राखीव केला, आणि तिथं पाण्यात उतरणारे पर्यटक त्यासाठी शुल्क भरतात. आपल्याकडं पैसे ठरवताना फोटो, व्हिडिओ, बोट यात धरलेत का एवढंच विचारतात. मासे खायला घालणार नाही ना, हेही विचारावं.

डाइव्हनंतर लगेच उंचावर जायचं नसतं. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सोडा बाटलीच्या फेसासारखा बाहेर पडू शकतो. विमानानं जाणाऱ्यांनी एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केल्या असतील तर १८ तास थांबावं. आम्हाला घाट चढायचा होता, म्हणून शेवटचा दिवस मी निव्वळ लोळण्यासाठी ठेवला. सकाळी रापण ओढताना बघितली. दोरीच्या दोन टोकांना तीस-चाळीस माणसं, जाळं किनाऱ्याला लागायला तास-दीड तास, आणि कुणालाच घाई नाही. दुपारी माडाखाली टॉवेल अंथरून झोपले. टॉवेल आमच्याच कारखान्यातला, सेकंड निघालेला, कॅरिबियन ब्लू. त्या हिरव्या पाण्यापुढं तो फारच भडक दिसत होता.

घरी आलो ते मंगळवारी रात्री. पाणी गुरुवारी येणार होतं, तोवर टॉवेल गच्चीवर वाळत पडला, मिठानं पापडासारखा कडक. गुरुवारी पहाटे बादलीत बुडवला तेव्हा जाऊबाई शेजारी उभ्या होत्या. तळाशी मूठभर वाळू बसली. ते पाणी झाडांना घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणलं, खारं आहे, जळतील, बाथरूमला वापरू.