भात्याचा श्वास

नवरात्र जवळ आले की मेहकरला पैनगंगेकाठी कीर्तनाची तयारी सुरू होते आणि मंदिराच्या ओवरीतली पायपेटी वर्षभराची धूळ झटकून बाहेर निघते. यंदा आमच्या मंडळातील तरुणांनी ती काढली, पायाने भाता दाबला, तो सुराऐवजी दमेकऱ्याचा उसासा ऐकू आला. ‘बुवा, हिला आता निरोप द्यावा. विजेवरचा कीबोर्ड आणू,’ असे त्यांचे म्हणणे पडले. जिच्या सुरावर मी चाळीस वर्षे पूर्वरंग मांडला, तिच्यासाठी मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग सांगितले. वाऱ्यावर बोलणारी पेटी सुषिर वर्गात बसते, म्हणजे ती वेणूच्या कुळातली. याच कुळातले सर्वांत थोरले वाद्य ख्रिस्ती देवळात असते, हे भाविक वाचकांस ऐकून नवल वाटेल. कीर्तनानिमित्त मुंबईस गेलो असता कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये मी नळ्यांचा ऑर्गन प्रथम पाहिला, आणि तेव्हापासून त्याच्या रचनेविषयी मिळेल ते वाचीत आलो आहे.

त्याच्या मुळाशी आहे तो भाताच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत क्टेसिबियस नावाच्या यंत्रज्ञाने पाण्याच्या भाराने वाऱ्याचा दाब स्थिर राखणारे वाद्य रचले, तो या ऑर्गनचा मूळपुरुष. पुढे पाण्याची जागा वजने ठेवलेल्या भात्याने घेतली. पडद्याआड माणसे भाता दाबीत, वादक पुढे वाजवी. आता ते काम विजेचा पंखा करतो. भात्यातला वारा एका लाकडी पेटाऱ्यात साठतो, आणि पट्टी दाबताच त्या त्या नळीखालची झडप उघडते. उघड्या तोंडाची सुमारे आठ फुटी नळी जो स्वर देते, त्याचेच वरचे सप्तक चार फुटी नळी देते. एका जातीच्या ध्वनीसाठी प्रत्येक पट्टीला स्वतंत्र नळी लागते. पट्ट्या 61 असतील तर एका मालिकेस 61 नळ्या, आणि अशा मालिका अनेक. वादक खुंटी ओढतो तेव्हा एक अख्खी मालिका जागी होते. बहुतेक नळ्या कथील-शिशाच्या मिश्रधातूच्या वा लाकडाच्या असतात, परंतु फिलिपाईन्समध्ये लास पिन्यास येथे 1824 साली पूर्ण झालेल्या ऑर्गनच्या 1031 नळ्यांपैकी 902 चक्क बांबूच्या आहेत! कीड लागू नये म्हणून तो बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला होता. वेणूचा असा विराट अवतार दुसरा नसावा.

एवढ्या मोठ्या वाद्याची निगाही तेवढीच किचकट. हवा तापली की बासरीसारख्या नळ्यांचा स्वर चढतो, पितळी जिभेच्या नळ्यांचा मात्र फारसा हलत नाही, म्हणून उन्हापावसात दोघांचे जुळत नाही. नळीत धूळ साचते, लाकूड फुगते, भात्याचे कातडे काही दशकांत विरते. मग कारागीर आत शिरून एकेक नळी जुळवतो.

आपली पेटी या घराण्याची धाकटी पाती. 1842 साली पॅरिसच्या अलेक्झांडर देबें यांनी हार्मोनियमचा हक्क नोंदविला. तिला नळ्या नाहीत, केवळ पितळी सूर. आपल्याकडे पालिताण्याचे सूर नावाजलेले. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दाराबाहेर काढले आणि 1971 साली काही अटींवर आत घेतले; कीर्तनकाराने तिला कधीच सोडले नाही. तिच्या पोटातही दोन भाते असतात, एक वारा ओढणारा, दुसरा साठवून दाब सम राखणारा. सूर बिघडला असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दुखणे या दुसऱ्या भात्याचे असते.

आमच्या पेटीचेही तेच निघाले. खामगावच्या बाजूचा एक वयस्क कारागीर आला, त्याने फळी उघडली, तो आत उंदराचे घरटे आणि भात्याच्या घडीला बोटभर भोक. गणेशवाहनापुढे कोणाचे चालते! सूर बहुतेक शाबूत होते. त्याने घड्यांवरचे कातडे नवे चिकटविले, स्वर चढवायचा तेथे सुराचे टोक खरवडले, उतरवायचा तेथे मूळ. असे तीन दिवस चालले. त्याच्या हाताखाली शिकणारा कोणी आहे का, असे विचारले तर तो म्हणाला, ‘मुलगा मोबाईल दुरुस्त करतो.’ मंडळातला एक पोरगा मात्र तिन्ही दिवस शेजारी बसून होता. कीबोर्डाचा आग्रह त्याचाच होता.

घटस्थापनेला पेटी उभी राहिली. मध्य सप्तकातला कोमल निषाद अजून किंचित कापरा आहे. कारागीर दसऱ्यानंतर पुन्हा यायचा आहे, आणि फळीचे स्क्रू त्या पोराकडून उघडवून घेणार आहे.