हायवेवर बाईकचं इंजिन ओरडतंय? पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात वाढवण्याआधी हे वाचा

कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट संपवून शनिवारी बाईकवरून पुणे गाठणारे अनेक जण आहेत. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागलं की एक अडचण हमखास जाणवते. गाडी टॉप गिअरमध्ये असते, तरी इंजिन ओरडत राहतं आणि हँडलला झिणझिण्या येतात. अशा वेळी ‘पुढचं स्प्रॉकेट एक दात मोठं टाक’ असा सल्ला मिळतो. त्यामागचं गणित सोपं आहे.

नेमकं काय बदलतं?
समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दात आहेत. ४२ भागिले १४ म्हणजे ३. मागचं चाक एकदा फिरण्यासाठी पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. पुढे १५ दातांचं बसवलं की हे गुणोत्तर २.८ होतं. आधी ज्या वेगाला इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत होतं, त्याच वेगाला आता ५,६०० पुरतात. आवाज आणि कंपनं कमी होतात.

तोटा काय?
चाकाला मिळणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये सुमारे ७ टक्क्यांनी घटते. सिग्नलवरून निघताना क्लच जास्त वापरावा लागतो. मागे माणूस आणि सामान असेल, तर खंबाटकीसारख्या चढावर एक गिअर लवकर खाली घ्यावा लागतो. छोट्या इंजिनाची गाडी आताच टॉप गिअरमध्ये चढ ओढत नसेल, तर हा बदल टाळाच. टॉप स्पीड वाढेलच असंही नाही. मायलेज सपाट रस्त्यावर थोडं सुधारू शकतं.

मीटर चुकतो का?
हा मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही. वेग पुढच्या चाकावरून मोजला जात असेल, तर काहीच फरक पडत नाही. सेन्सर गिअरबॉक्सजवळ असेल, तर मात्र मीटर कमी वेग दाखवतो. आधी अचूक असलेला मीटर ७० दाखवेल, तेव्हा गाडी ७५ ने धावत असेल. ब्रेक मारताना अंदाज चुकेल, कॅमेऱ्यात सापडलात तर दंडही बसेल. किलोमीटरही कमी नोंदले जातील, त्यामुळे मायलेजचा हिशेब चुकेल.

बदलण्याआधी काय तपासाल?
- आधी दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजा. एका वेळी पुढचा एकच दात वाढवा.
- मोठं स्प्रॉकेट कव्हरला घासत नाही ना, ते पाहा.
- चेन झिजली असेल, तर पूर्ण चेनसेट बदला. चेनचा ताण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा.
- जीपीएसवर वेग पडताळा.
- वॉरंटीबाबत सर्व्हिस सेंटरला विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीतील फेरफारांवर बंधनं आहेत, त्यामुळे आरटीओकडूनही खात्री करून घ्या.

महिन्यातून एकदाच पुण्याला जात असाल आणि रोजची धाव कुपवाड ते सांगली-मिरज एवढीच असेल, तर कंपनीचंच स्प्रॉकेट बरं. हायवे रोजचा असेल आणि इंजिनात ताकद शिल्लक असेल, तरच एक दात वाढवा.